लाकडी लेथवरचा चार जबड्यांचा चक: शिसवीत पकड टिकते, कडुनिंबात सैल का होते?

उदगीर_काष्ठकाम

सर्वांना नमस्कार. उदगीरला आमचे सुतारकामाचे दुकान आहे. दारे-खिडक्यांच्या जोडीला लेथवर लाटणी, बाजेचे खूर आणि जिन्याच्या कठड्याचे खांब कातून देण्याचे काम वडिलांच्या काळापासून चालत आले आहे. या सर्व कामांत लांब तुकडा हेडस्टॉक (मोटरने फिरवणारे टोक) आणि टेलस्टॉक (समोरचे आधाराचे टोक) यांच्यामध्ये धरला जातो, त्यामुळे चकाची (तुकडा जबड्यांत पकडून फिरवणाऱ्या साधनाची) गरज आम्हाला कधी पडली नव्हती. अलीकडे वाडगे, पोळपाट आणि झाकणाचे डबे यांची मागणी येऊ लागली आणि ही कामे आतून कोरायची असल्यामुळे मी चार जबड्यांचा चक घेतला. चावी फिरवली की त्याचे चारही जबडे एकदम सरकतात. चकाचा व्यास १०० मिमी आहे आणि त्यासोबत ५० मिमीचे जबडे आले आहेत.

अडचण अशी आहे. साधारण २२० मिमी व्यासाचा वाडगा करताना मी आधी बाहेरचा भाग कातून तळाला गोल टेनन (चकात धरायचा खुंट) ठेवतो आणि मग तो टेनन चकात धरून आतील भाग कोरतो. टेननचा व्यास ६५ मिमी आणि लांबी १५ मिमी असते. शिसवीच्या तुकड्यात ही पकड शेवटपर्यंत टिकते. कडुनिंबाच्या तुकड्यात मात्र कोरायला सुरुवात केल्यावर काही वेळाने वाडगा डगमगू लागतो. लेथ थांबवून चावी लावली तर ती पुन्हा बरीच फिरते, म्हणजे मधल्या काळात पकड सैल झालेली असते. काम काढून पाहिल्यावर टेननवर आठ ठिकाणी खोल वळ उठलेले दिसतात. दोन्ही लाकडे चांगली वाळलेली आहेत.

माझे दोन प्रश्न आहेत. कडुनिंब चकाच्या कामाला मुळातच अयोग्य आहे का? आणि वाळूजच्या एका नातेवाइकांकडे लोखंडी लेथचा (लोखंडकामाच्या लेथचा), प्रत्येक जबडा वेगळा सरकणारा १५० मिमीचा चक पडून आहे व त्याची पकड माझ्या चकापेक्षा कितीतरी जास्त आहे, तर तो लाकडी लेथवर बसवावा का?

वाळूज_टर्नर

नमस्कार. माझा रोजचा हात लोखंडी लेथवरचा आहे आणि लाकूडकाम मी आवड म्हणून करतो, म्हणून आधी आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

प्रत्येक जबडा स्वतंत्र सरकणारा चक लोखंडी कामात फार मोलाचा असतो, कारण चौकोनी, वेडावाकडा किंवा मुद्दाम केंद्राबाहेर धरायचा तुकडा त्यात हवा तसा बसवता येतो आणि डायल गेज लावून तो अत्यंत अचूक मध्यावर आणता येतो. लाकडी वाडग्याच्या कामात या गुणांचा फारसा उपयोग होत नाही. प्रत्येक वेळी चार जबडे एकेक करून जुळवण्यात वेळ जातो, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या जबड्यांची टोके अरुंद व कडक असतात. पोलादाच्या तुकड्यावर अशी टोके घट्ट बसतात, पण लाकडात ती चार ठिकाणी रुतत जातात. आपली तक्रार पकड कमी असल्याची दिसत असली, तरी टेननवरचे वळ लाकूड चिरडले जात असल्याचे सांगतात, आणि अधिक जोराच्या चकाने ते अधिकच चिरडेल.

दुसरी गोष्ट वजनाची. १५० मिमीचा बिडाचा चक बॅकप्लेटसह (चक लेथला जोडणाऱ्या मागच्या चकतीसह) धरला तर लहान लाकडी लेथच्या स्पिंडलवर (चक ज्यावर बसतो त्या फिरत्या दांड्यावर) आणि बेअरिंगवर मोठा भार येतो. शिवाय त्याचे जबडे चकाच्या कडेबाहेर डोकावतात. लोखंडी लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये आवळलेले असते आणि हात लांब राहतो, लाकडी लेथवर मात्र हत्यार आपल्याच हातात असते आणि बोटे टूलरेस्टवर, म्हणजे फिरत्या जबड्यांपासून फार थोड्या अंतरावर असतात. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी तो चक लाकडी लेथवर बसवणार नाही.

पुढे कधी दुसरा चक घेतलात तर स्पिंडलचे आटे आधी मोजून घ्यावेत. ३/४ इंच १६ आटे, १ इंच ८ आटे (म्हणजे व्यास आणि दर इंचाला आटे) आणि एम-३३ बाय ३.५ (३३ मिमी व्यास, दोन आट्यांत ३.५ मिमी अंतर) हे आकार नेहमी आढळतात, पण स्थानिक वर्कशॉपमध्ये तयार झालेल्या लेथचे आटे यांपैकी कोणतेच नसण्याची शक्यता असते. अशा वेळी वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या मशीन शॉपमधून अडॅप्टर करून घेता येतो. मात्र नमुना म्हणून लेथची मूळ फेसप्लेट (स्पिंडलवर बसणारी सपाट लोखंडी तबकडी) सोबत न्यावी, आणि अडॅप्टरचा मागचा खांदा अक्षाशी अगदी काटकोनात असावा असे बजावून सांगावे. चक आट्यांमुळे पुढे-मागे होतो, परंतु तो सरळ बसतो या खांद्यामुळे. खांदा तिरका राहिला तर उत्तम चकसुद्धा डगमगतो.

किनवट_साग

कडुनिंब निर्दोष आहे. आपण दिलेल्या मापांतच उत्तर आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या चकाचे चार जबडे मुळात एका पूर्ण कड्याचे चार तुकडे असतात. त्यामुळे ते एका विशिष्ट व्यासालाच खरे वर्तुळ बनवतात. टेनन त्या व्यासाचा असेल तर प्रत्येक जबडा आपल्या संपूर्ण वक्र पृष्ठभागाने लाकडाला भिडतो. टेनन त्याहून मोठा असेल तर जबड्याचा वक्र टेननच्या मानाने जास्त बाकदार ठरतो आणि प्रत्येक जबड्याच्या फक्त दोन कडा लाकडाला लागतात. चार जबड्यांच्या आठ कडा, आणि आपल्या टेननवर वळही आठच आहेत. टेनन खऱ्या वर्तुळापेक्षा लहान असेल तर उलट घडते, म्हणजे प्रत्येक जबडा केवळ मधोमध टेकतो आणि चारच वळ उठतात. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली धाव सर्व बाजूंनी सारखी भिडते म्हणून टिकते, तसेच येथे आहे. चावी किती जोराने आवळली यापेक्षा किती लाकडाला जबडा लागला आहे, यावर पकड अवलंबून असते.

शिसवीचे तंतू दाट व कठीण असल्यामुळे ते आठ कडांचा दाब सहन करतात आणि मापातील चूक झाकली जाते. कडुनिंब त्या मानाने मऊ असल्याने कडा हळूहळू आत रुततात, जबडा जागीच राहतो, लाकूड मात्र मागे हटते, आणि पकड सैल होते. बाभूळ, चिंच, हिवर यांतही आपले काम निभावेल. आंबा किंवा सुबाभूळ घेतलीत तर पुन्हा हीच तक्रार येईल.

खरे वर्तुळ शोधण्याची रीत सोपी आहे. जबडे मिटवत आणा आणि शेजारच्या दोन जबड्यांमध्ये साधारण २ ते ३ मिमीची, चारही ठिकाणी सारखी फट राहील तेथे थांबा. मूळ कडे कापताना करवतीने खाल्लेली जागा एवढीच असते, म्हणून त्या स्थितीत जबड्यांचे वर्तुळ पूर्ण असते. आता आतला व्यास कॅलिपरने मोजून लेथच्या वरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. टेनन या मापाचा किंवा त्याहून एक-दोन मिलिमीटरच मोठा ठेवावा.

दुसरा दोष लांबीचा आहे आणि माझ्या मते तो अधिक घातक आहे. ५० मिमीच्या बहुतेक जबड्यांची खोली १५ मिमीपेक्षा कमी असते. टेनन लांब असेल तर त्याचे टोक आत चकाच्या तळाला टेकते, आणि टेननच्या मुळाशी असलेला वाडग्याचा सपाट खांदा जबड्यांच्या तोंडापासून दूर, अधांतरी राहतो. वाडग्याच्या काठाजवळ हत्यार लागते तेव्हा ते वाडग्याला आडवे ढकलत असते. खांदा जबड्यांच्या तोंडावर घट्ट टेकलेला असेल तर हा धक्का तो झेलतो; टेकलेला नसेल तर सगळा भार त्या बारीक टेननवर येतो. वाडग्याच्या तुकड्यात तंतू आडवे जातात, म्हणून टेननमध्येही ते आडवेच असतात आणि आडव्या धक्क्याने टेनन तंतूंच्या रेषेत अखंड सुटून येऊ शकतो. यावर उपाय लांबी वाढवण्याचा नाही. टेनन बुटका आणि पुरेसा रुंद असावा. या आकाराच्या वाडग्याला ६ ते ८ मिमी लांबी पुरेशी होते, आणि टेननचे टोक व चकाचा तळ यांमध्ये मोकळी जागा दिसलीच पाहिजे.

रुंदीसाठी वाडग्याच्या व्यासाच्या एक तृतीयांश ते दोन पंचमांश हा अंदाज सर्वसाधारणपणे धरतात. २२० मिमीला हे माप ७३ ते ८८ मिमी येते, म्हणजे आपले ५० मिमीचे जबडे या वाडग्यासाठी लहानच आहेत. उथळ वाडगा असेल आणि हात हलका असेल तर ते चालतील, परंतु वाडग्यांचे काम नेहमी करणार असाल तर त्याच चकावर बसणारा मोठ्या जबड्यांचा एक संच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्या वाळूजच्या चकाला बॅकप्लेट करून घेण्याच्या खर्चापेक्षा हा खर्च कितीतरी सत्कारणी लागेल.

शेवटी आकाराविषयी. आपल्या जबड्यांच्या आतल्या बाजूला तिरका उतार असेल तर टेननलाही तोच उतार हवा, म्हणजे मुळाशी व्यास किंचित कमी आणि टोकाशी किंचित जास्त. हा कोन प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून जाड पुठ्ठ्याचा साचा कापून जबड्याला लावून पाहावा व त्याबरहुकूम टेनन करावा. टेनन आणि खांदा यांचा आतला कोपरा अगदी स्वच्छ, टोकदार काढावा. तेथे जराशी गोलाई राहिली तरी जबडा त्या गोलाईवर चढतो आणि खांद्यावर नीट बसत नाही.

उदगीर_काष्ठकाम

आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मापे घेतली. जबड्यांचे खरे वर्तुळ ५४ मिमीला येते आणि जबड्यांची खोली ११ मिमी आहे. म्हणजे ६५ मिमीचा टेनन बराच मोठा होता आणि १५ मिमीची लांबी तळाला टेकतच होती. कडुनिंबाच्याच उथळ तुकड्यावर ५५ मिमी व्यासाचा, ७ मिमी लांबीचा, उतार दिलेला टेनन करून पाहिला. आतील भाग पूर्ण कोरून झाल्यावरही चावी जवळजवळ फिरली नाही आणि टेननवर चार रुंद, उथळ खुणा आहेत.

आता पोळपाटाविषयी विचारतो. पोळपाट जाडीला कमी असतो, त्यामुळे टेनन ठेवून नंतर कापून टाकणे म्हणजे चांगले लाकूड वाया घालवणे वाटते. चकाचे जबडे बाहेर उघडून तळाच्या खाचेत धरावेत, असे मी पाहिले आहे. ते भरवशाचे आहे का? आणि पहिल्यांदा तळ कातताना तुकडा धरायचा कशावर? चकासोबत आलेल्या, लाकडात घुसणाऱ्या स्क्रूवर बसवला तर पोळी लाटण्याच्या बाजूला भोक पडते, आणि ते गिऱ्हाइकाला चालणार नाही.

जालना_पटाशी

पोळपाटासाठी खाचेची पद्धत उत्तम आहे. पुष्कळ पोळपाट मी अशाच पद्धतीने करतो, म्हणून क्रम लिहितो.

भोक टाळण्यासाठी स्क्रू वापरूच नये. फेसप्लेटवर सपाट कातलेली लाकडी चकती बसवावी, तिच्यावर रबराचा किंवा चामड्याचा पातळ तुकडा चिकटवावा आणि पोळपाटाची लाटायची बाजू त्याच्यावर टेकवून मागून टेलस्टॉकचे फिरते टोक तळाच्या मध्यावर दाबावे. केवळ घर्षणावर तुकडा फिरतो. या स्थितीत बाहेरचा घेर, तळ आणि तळाची खाच हे सर्व कातून घ्यावे. मध्यभागी टेलस्टॉकपुरता छोटा उंचवटा राहतो, तो नंतर पटाशीने काढता येतो. हलके काप घ्यावेत आणि टेलस्टॉकचा दाब मधून मधून तपासावा. यानंतर तुकडा उलटा करून खाचेत जबडे उघडून धरला की लाटायची बाजू एका दमात सपाट होते. ती खरोखर सपाट आहे की नाही हे पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहून ठरवावे, कारण मध्यभागी थोडा जरी खोलगटपणा राहिला तरी पोळी मधे जाड राहते आणि घरातल्या बाईंच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात येते.

खाचेची खोली ३ ते ४ मिमी पुरे. उघडणाऱ्या जबड्यांत बाहेरचा वक्र महत्त्वाचा असतो, त्यामुळे खाचेचा व्यास जबड्यांच्या बाहेरच्या खऱ्या वर्तुळाहून किंचितच जास्त ठेवावा. एक सावधगिरी मात्र कधीही विसरू नये. आत दाबणारे जबडे लाकूड एकत्र आवळतात आणि बाहेर उघडणारे जबडे ते फाकवतात. तंतूंच्या रेषेत एखादी बारीक चीर आधीपासून असेल तर उघडणारा जबडा तिची फाळणी करतो. म्हणून खाचेच्या बाहेर सर्व बाजूंनी भरपूर लाकूड हवे. पोळपाटात ते आपोआप मिळते, लहान तळाच्या वाडग्यात मिळत नाही, म्हणून तेथे टेननच बरा. चावी येथे घट्ट बसेल एवढीच फिरवावी, टेनन आवळतानाचा जोर येथे लावू नये.

लाकूड ओले असेल तर ही सर्व मापे निरुपयोगी ठरतात, हेही लक्षात घ्यावे. लाकूड वाळताना ज्या दिशेने वार्षिक वलये वळतात त्या दिशेने साधारण दुप्पट आकसते, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मे, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. परिणामी ओल्या लाकडावर गोल कातलेला टेनन वाळल्यावर अंडाकृती होतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की ताज्या तुकड्याच्या डोक्याला एका दुपारीत भेगा पडू शकतात. ओला वाडगा असेल तर भिंत व्यासाच्या एक दशांश जाड ठेवून, टेनन मुद्दाम काही मिलिमीटर मोठा ठेवून ओबडधोबड कातावा, तंतूंची टोके जेथे उघडी आहेत तेथे मेण लावावे, आणि पत्र्याच्या छपराखाली न ठेवता घरातील सावलीच्या, वारा न लागणाऱ्या जागी कागदी पिशवीत ठेवावा. वाळल्यावर वाडगा टेलस्टॉकने दाबून धरून आधी टेनन पुन्हा गोल करावा, मगच चकात धरावा.

किनवट_साग

गतीचा विषय अजून कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. इंचांतील व्यास आणि मिनिटाला फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० यांच्या दरम्यान राहावा, असा एक प्रचलित आडाखा आहे. १० इंचांच्या तुकड्याला त्यानुसार ६०० ते ९०० फेरे येतात, आणि तुकडा अजून गोल झालेला नसेल तर त्याहूनही कमी गती घ्यावी. लाटणी कातण्याच्या गतीची सवय असलेल्या माणसाला हे फार मंद वाटते. पण १० इंचांचा तुकडा १,५०० फेऱ्यांनी फिरू लागला तर त्याचा काठ ताशी सुमारे ७२ किलोमीटर वेगाने धावत असतो, आणि गती दुप्पट झाली की असमतोलामुळे चकावर येणारा ताण चौपट होतो. शक्य आहे तोपर्यंत टेलस्टॉक लावूनच काम करावे, चेहऱ्यावर संपूर्ण झाकण असावे आणि लेथ सुरू करताना तुकड्याच्या समोरच्या रेषेत उभे राहू नये.

वाळूज_टर्नर

गतीसोबत विजेचाही विचार करावा, कारण आपल्या भागात भारनियमन नित्याचे आहे. लाइट गेली की लेथ थांबते, माणूस वाडगा पाहण्यासाठी चकाला चावी लावतो, आणि बटण चालूच राहिलेले असते. तेवढ्यात लाइट आली तर चावी थेट अंगावर येते. म्हणून लेथला साधे बटण न ठेवता डीओएल स्टार्टर (मोटर चालू-बंद करणारी बटणांची पेटी) बसवावा. वीज गेल्यावर त्याची नो-व्होल्ट कॉइल संपर्क तोडते, आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. विहिरीच्या मोटारीला आपण जे ऑटो स्विच लावतो, ते लेथच्या लाइनवर कोणत्याही परिस्थितीत असू नये. घरचे आणि दुकानाचे मीटर एक असेल तर हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे.

चकाविषयी आणखी एक. मोठ्या व्यासासाठी जबडे फार बाहेर उघडले तर आतील चकतीच्या सर्पिल आट्यात त्यांचे एक-दोनच दात उरतात आणि गतीत जबडा निसटू शकतो. जबडे स्वच्छ करण्यासाठी बाहेर काढलेत तर त्यांच्यावरचे १, २, ३, ४ हे आकडे पाहून, त्याच क्रमाने, प्रत्येक जबडा आट्यात धरला गेल्यावरच पुढचा घालावा. क्रम चुकला तर चारही जबडे मध्यावर एकत्र येत नाहीत. लेथ उलट्या दिशेने चालवण्याची सोय असेल तर ती वापरण्यापूर्वी चकाचा ग्रब स्क्रू (चक स्पिंडलवर अडकवून ठेवणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) आवळलेला आहे याची खात्री करावी, नाहीतर उलट फिरताना चक स्वतःच स्पिंडलवरून सुटत जातो.

उदगीर_काष्ठकाम

स्टार्टरचा मुद्दा फार महत्त्वाचा निघाला. आमच्या लेथला साधेच बटण आहे आणि लाइन शेतमोटारीच्या मीटरवरून आलेली आहे, त्यामुळे स्टार्टर बसेपर्यंत लेथ बंद ठेवत आहे. मोठ्या जबड्यांचा संच मागवला आहे. तो आल्यावर २२० मिमीचा कडुनिंबाचा खोल वाडगा करून, टेननवरच्या खुणांचे फोटो येथेच टाकीन. जालन्याच्या दादांना एक विचारायचे राहिले: पोळपाट फिरवणाऱ्या चकतीसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर चालेल का?

जालना_पटाशी

चालेल. ट्यूब उभी कापून, साबणाने धुऊन, आतली पावडर पूर्ण निघाल्यावर सपाट चिकटवा, कारण पावडर राहिली तर तुकडा घसरतो. जोड आणि व्हॉल्व्हकडचा भाग मात्र घेऊ नका. तेथे जाडी वेगळी असते आणि पोळपाटाची जाडी एका बाजूला कमी-जास्त होते.